बोइमाच्या मापाखालची ओळ

मी दोन शाळा सोडल्या. एक घंटेची, दुसरी मशीनची. घंटेची सोडली त्याचं मला काही वाटत नाही. मशीनची सोडली त्याचं वाटतं. पण जे सांगणार आहे ते त्याहून वाईट आहे, आणि ते समजायचं तर आधी वार्नी मामा समजायला हवा.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. शिंपी. पिसो तळ्याकाठच्या आमच्या गावात पुरुषांचे लांब झब्बे तोच शिवतो. आई राजधानीत, मॉनरोव्हियाच्या बाजारात बसते, सणाला येते. मामी वारल्यापासून घरात आम्ही तिघंच, मामा, मी आणि माझी धाकटी बहीण केमा. मामाच्या तोंडात कायम टाचण्या असतात, म्हणून तो बोलतो कमी, आणि जे बोलतो ते दातांच्या फटीतून. टाचण्या काढून हातात घेतल्या की समजायचं, आता काहीतरी महत्त्वाचं येतंय.

त्याची शाळा म्हणजे पडवी. मधे मशीन, खाली कातरणीचा ढीग, त्या ढिगावर बसलेली पोरं. एक फळी, एक कोळशाचा तुकडा. मामाला इंग्रजी येत नाही. आमच्याकडे 'बुक येतं' म्हणतात ते इंग्रजीलाच, म्हणजे गावाच्या हिशोबाने मामाला बुक येत नाही. त्याला येतात ती आमची व्हाई अक्षरं, घरची. ती घंटेच्या शाळेत कुणी शिकवत नाही. ती बापाकडून, मामाकडून, शेजाऱ्याकडून घ्यायची, जशी पोहायची कला घेतात. दोनशेच्या वर खुणा आहेत. एका खुणेला एक आवाज, बा, बे, बो. आणि शब्दांच्या मधे फट नाही, सगळं एका दमात लिहिलेलं. त्यामुळे मनातल्या मनात वाचायची सोयच नाही. मोठ्याने म्हणत जायचं, थोडं मागे येऊन पुन्हा म्हणायचं, आणि मग एकदम कानाला शब्द सापडतो. डोळा नुसता दार उघडतो, आत जातो तो कान, असं मामा म्हणतो.

वाचायला पुस्तक कुठलं? मामाची मापांची वही. 'अमक्याची मान इतकी, खांदा इतका, बाही इतकी.' गावातली सगळी पोरं त्यावरच शिकली. म्हणून आमच्या गावात कुणाचं काही झाकलेलं नाही. बोइमा म्हातारा गावच्या मुखियाचा बोलका आहे, म्हणजे मुखिया पुटपुटतो आणि बोइमा ते चौकात मोठ्याने सांगतो. मोठा माणूस. पण तो रस्त्याने निघाला की सहा वर्षांचं पोरसुद्धा त्याच्या पोटाकडे बघून आकडा सांगू शकतं. मामाच्या वहीत सगळ्यात लांब माप त्याचं, म्हणून धड्याला तेच सोयीचं.

फी काही नाही. पोराने पहिलं पत्र कुणाच्या मदतीशिवाय वाचलं की घरच्यांनी एक पांढरा कोंबडा आणि पाहुण्याला देतात त्या चार कोला-बिया आणायच्या. कोंबडा सगळी पोरं मिळून खातात, मामाच्या वाट्याला मान येते.

माझा कोंबडा कधी झालाच नाही. निम्म्या खुणा शिकले आणि उठले. मला बसवत नाही. ढुंगणाला मुंग्या लागल्यासारखं होतं. मामाने बोलावलं नाही. म्हणाला, मशीन पळत नाही, पोरगी पळते. दमली की येईल.

घंटेच्या शाळेत पाचवीपर्यंत गेले. एक दिवस मागच्या बाकावरचा पोरगा म्हणाला, "तुझ्या मामाला बुक येत नाही. तो कागदावर कोंबडीचे पाय काढतो." मी पाटी उचलली आणि त्याच्या तोंडावर घातली. एक दात पडला. शाळेने सांगितलं, पालकांना घेऊन ये आणि माफी माग. मी दोन्हीतलं काही केलं नाही आणि परत गेले नाही.

मामाने विचारलं, का मारलंस. सांगितलं. त्याने टाचण्या काढल्या. "दात पुढचा की मागचा?"

"पुढचा."

"मग त्याला आज भात चावणार नाही. पेज करून नेऊन दे."

मी नेली. त्याच्या आईने वाडगं घेतलं आणि दार लावलं. घरी आले तर मामा म्हणाला, "माझ्यासाठी भांडू नकोस, मियाता. भांडायला काय, कुत्रंसुद्धा भांडतं. माझ्यासाठी बसून शीक." मला भांडणं जमायचं. बसणं जमलं नाही. मग मी तळ्यावरच्या बायकांबरोबर मासे धुरावर सुकवायला लागले आणि आठवड्यातून एकदा ते घेऊन मॉनरोव्हियाला जायला लागले. पण मामाविषयी कुणी वेडंवाकडं बोललं तर मी अजून पाटी घेऊन उभी आहे, असंच मी समजत होते. गावही तसंच समजत होतं.

केमा नऊ वर्षांची. पहिलीत दुसऱ्यांदा बसलेली. त्या वर्षी शाळेने सांगितलं, जे मूल वाचनाच्या चाचणीत पुन्हा नापास होईल त्याला एबीसीच्या वर्गात पाठवणार. एबीसी म्हणजे चार वर्षांची नाक वाहणारी पोरं, दुपारी चटईवर झोपवतात त्यांना. केमा माझ्या खांद्याला लागते. ती त्या वर्गाच्या खिडकीतून डोकावून आली आणि म्हणाली, "त्या बाकाखाली माझे गुडघे जाणार नाहीत." रडली नाही, नुसतं सांगितलं. नंतर दोन दिवस ती पाय पोटाशी घेऊन बसायची, किती लहान होता येतं ते बघायला.

त्याच सुमाराला मॉनरोव्हियाहून शाळांतलं वाचन तपासणारी मिसेस तार्पे नावाची बाई आली. तिने पहिलीच्या प्रत्येक पोराला एक पातळ पुस्तक आणि एक कार्ड दिलं. रोज संध्याकाळी घरातल्या कुणीतरी मुलाचं वाचन ऐकायचं, काय वाचलं ते कार्डावर लिहायचं आणि सही करायची.

मी मासेवाल्या बायकांच्यात होते. घरी आले तेव्हा केमा मशीनजवळ पुस्तक घेऊन बसली होती आणि मामा कार्ड मांडीवर ठेवून लिहीत होता. मी म्हटलं, मामा, ते इंग्रजी आहे, तुला त्यातलं काय कळतंय.

"मला कळायचं कुठे आहे?" तो म्हणाला. "वाचायचंय तिला. मी ऐकतोय."

त्याने केलं असं. केमा पान वाचायची आणि मामा तिच्या तोंडून जो आवाज निघेल तो तसाच्या तसा आपल्या अक्षरांत उतरवायचा. 'सॅम हॅज अ रेड कॅप' असं ती म्हणाली की मामाच्या हाताखाली 'सा मू हा सी आ रे दी का पू' असं काहीतरी तयार. अर्थ शून्य. पण आवाज एकही सुटत नसे. आमच्या अक्षरांना अर्थाची गरज नाही, कावळा ओरडला तरी लिहून घेतात.

आणि दुसऱ्या दिवशी तेच पान पुन्हा वाचायला लावायचा. ती वाचते, हा कालच्या ओळीवर बोट ठेवून बसतो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी बोट थांबलं. मामा म्हणाला, "काल हे पान चौदा खुणांचं होतं. आज एकोणीस झाल्या. रात्रीत पान वाढलं का?"

केमाने चित्रावर बोट ठेवलं.

"काल म्हणालीस ते एक, आज म्हणालीस ते दुसरं. पान तर तेच आहे. दोन्हीतलं एक खोटं आहे. कुठलं ते मला माहीत नाही, तुला बघायला लागेल."

ती चित्र बघून मनाचं ठोकून देत होती. वर्षभर शाळेत तेच करत आली होती आणि पन्नास पोरांच्या वर्गात कुणाला पत्ता लागला नव्हता. ज्याला इंग्रजीचं ढिम्म कळत नाही त्याने चार दिवसांत पकडलं. मग तिला अक्षराला अक्षर लावून बघावंच लागलं. शाळेत ऐकलेले आवाज तिच्या डोक्यात होते, ती फक्त त्यांना कामाला लावत नव्हती. तीन आठवड्यांत ती मिठाच्या पिशवीवरचं नाव वाचायला लागली. टॅक्सीच्या मागे लिहिलेलं वाचायला लागली. कार्ड भरत आलं होतं, वरपासून खालपर्यंत मामाचं अक्षर, बारीक, एकसारखं, उलट्या शिलाईसारखं घट्ट.

मग पालकसभा आली.

मी मॉनरोव्हियाहून आणलेला निळा ड्रेस घातला. मामाने इस्त्री केलेला पांढरा झब्बा घातला आणि वही बरोबर घेतली, बाई काही सूचना देतील त्या लिहायला. तो मागे खिडकीजवळ बसला. मी पुढच्या तिसऱ्या ओळीत. सगळ्यात पुढे बोइमा, हात पोटावर. त्याचा मुलगा सीमेपलीकडे, बो शहरात असतो. दर महिन्याला बोइमाला त्याचं पत्र येतं, आमच्याच अक्षरांत. ते खिशात घेऊनच तो फिरतो. त्या दिवशीही खिसा फुगलेला मी पाहिला.

वर्गाची शिक्षिका जेबे. माझ्याच बाकावर बसायची एके काळी. तिलाही मामानेच शिकवलंय, तिचा कोंबडा मी खाल्लाय. मी आत आले तेव्हा ती म्हणाली, "या, तुम्ही इथे बसा." तुम्ही. मला हसू यायला हवं होतं. पण मी ताठ बसले. बाई इंग्रजीत बोलणार, आम्ही व्हाईत, आणि मधे जेबे दोन्हीकडचं सांगणार, असं ठरलेलं होतं.

मिसेस तार्पेने कार्डं गोळा केली. दोन-तीन चांगली कार्डं वर धरून दाखवली, इंग्रजीतल्या सह्या, तारखा. मग केमाचं कार्ड निघालं. तिने ते आधी उलटं धरलं, मग सुलटं, मग परत उलटं.

"हे काय आहे?" ती म्हणाली. "कार्ड खेळायला दिलेलं नाही. सगळं खराब केलंय. केमा कुणाची?"

खोलीत चाळीस माणसं होती. त्यातल्या तिसांना तरी ते अक्षर वाचता येत होतं. सगळ्या चाळिसांना ते कुणाचं आहे हे माहीत होतं. जेबे छपराच्या पत्र्याकडे बघायला लागली. बोइमाने खिशावर हात ठेवला. मॉनरोव्हियाची बाई, तिचे बूट, तिचं नाकातलं इंग्रजी. त्या क्षणी आपली अक्षरं कुणालाच आपली म्हणायची नव्हती.

मामा उठायला लागला होता. त्याचे गुडघे दुखतात. आधी हात टेकतो, मग एक पाय, मग दुसरा. वेळ लागतो. मी वळून पाहिलं तेव्हा तो अर्धा उठला होता.

तेवढ्यात मी उभी राहिले आणि म्हणाले, "ती लहान आहे, मॅडम. तिनेच खेळताना कोंबडीचे पाय काढले असतील."

नंतर कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत होते की मी मामाला वाचवलं. ती बाई त्याला चारचौघांत काहीतरी बोलली असती, त्याला ते ऐकायला लागू नये म्हणून मी मधे पडले. खोटं आहे ते. मला त्या निळ्या ड्रेसमधे कोंबडीच्या पायवाल्याची भाची व्हायचं नव्हतं. आणि शब्दही मला माझे सापडले नाहीत. ज्या शब्दांसाठी मी एकाचा दात पाडला होता, तेच उचलले.

मिसेस तार्पे म्हणाली, ठीक आहे, नवं कार्ड देऊ. केमाला सभा संपेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभं केलं, कार्ड खराब केलं म्हणून. ती गेली आणि उभी राहिली. एकदाही म्हणाली नाही की मी नाही केलं. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं, आणि त्यात राग नव्हता. या खोलीत आता काय म्हणायचं असतं ते ती माझ्याकडून शिकून घेत होती.

मामा जितक्या सावकाश उठला होता तितक्याच सावकाश खाली बसला. वही उघडली, काहीतरी लिहिलं, मिटली.

घरी जाताना तो आमच्या मागून चालत होता. दारात आल्यावर म्हणाला, "भात गार झाला असेल." संध्याकाळी नवं कार्ड माझ्या हातात दिलं. "आता तू ऐक. तुझी सही चालते." टाचण्या तोंडातच होत्या.

मी ऐकलं असं लिहायला मला आवडलं असतं. मी बारा संध्याकाळी सह्या केल्या. मासे उलटे करता करता, शेजारणीच्या वेण्या घालता घालता. केमा वाचायची, मी हं म्हणायची, सही करायची. माझं इंग्रजी पाचवीचं, तेही निम्मं गंजलेलं. चांगलं चाललंय असं वाटत होतं, कारण ती भराभर वाचत होती. मामा मशीनवर बसून सगळं ऐकायचा. कधीकधी मशीन एक क्षण थांबायचं आणि परत सुरू व्हायचं.

तेराव्या संध्याकाळी पुस्तकावर राख उडाली म्हणून मी ते तिच्या हातातून घेऊन झटकलं. ती वाचतच राहिली. पुस्तक माझ्या हातात आणि ती समोरच्या हवेत वाचतेय, ओळ पुरी करून पुढच्या पानावरही गेली. मी म्हटलं, थांब. पुस्तक मधेच उघडलं, एका शब्दावर बोट ठेवलं. हे काय आहे? ती चित्राकडे बघून म्हणाली, बकरी. शब्द 'द' होता. तेवढं मलाही येत होतं.

चाचणीला सतरा दिवस राहिले होते.

मी मामासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, ती परत ठोकून देतेय, मामा, तू बस तिच्याजवळ.

"कार्ड माझं नाही आता."

"कार्डावर नको लिहूस. फळीवर लिही."

"सण आलाय. बावीस झब्बे पडलेत. तू लिही."

"मला सगळ्या खुणा येत नाहीत."

"किती येतात?"

"निम्म्या."

"तेवढ्यात काय होतं ते बघू." त्याने पायाने वही माझ्याकडे सरकवली. "बोइमाचं माप काढ. त्याच्या खालची ओळ वाच."

मला वाटलं, सराव. केमा येऊन माझ्या खांद्याला टेकून बसली. तिला सगळ्या खुणा येतात, मामाच्या पडवीत वाढलेल्या पोराला येतातच. बोइमाचं पोट मी डोळे मिटून वाचू शकते, ते झालं. त्याखाली बारीक अक्षरात एक ओळ होती. मी सुरू केलं. ती. ला. हा. ना. अडले की केमा सांगायची. आ. हे. मा. दा. मा. कानाला अजून काही सापडत नव्हतं. मी मागून पुन्हा म्हणायची, पोरं म्हणतात तशी, आवाज चढवून. ती. ने. चा. खे. ला. ता. ना. पुढची खूण मला येत नव्हती. मी केमाकडे वळले.

केमा सांगेना. ती खाली मान घालून कातरणीतला एक धागा ओढत बसली होती. तिच्या कानाला सापडलं होतं.

मग मलाही सापडलं. पण आमचं लिहिलेलं मधे सोडता येत नाही, तोंडात येतंच. मी माझ्याच आवाजात, शेवटच्या खुणेपर्यंत, अडखळत, ते सगळं वाचलं. कोंबडीचे पाय सुद्धा. मशीन बंद होतं. समोरून पाण्याचे डबे घेऊन जाणाऱ्या दोन बायका थांबल्या होत्या, पोरगी काय वाचतेय म्हणून, आणि कळल्यावर गेल्या.

मी म्हटलं, "मामा, मी..."

"वाचता येतंय की," मामा म्हणाला. "केमाला बसव."

त्याने मला माफी मागू दिली नाही. मागून मोकळी झाले असते. मी रागाने म्हटलं, निदान ते पान तरी फाड. तेव्हा त्याने टाचण्या काढल्या. म्हणाला, "मी ऐकतो ते लिहितो, मियाता. त्या दिवशी सूचना लिहायला वही उघडली होती. दुसरं काही लिहिण्यासारखं कुणी बोललं नाही. आणि पान फाडलं तर बोइमाचं माप जाईल."

सतरा दिवस मी बसले. जन्मात इतकी बसले नव्हते. मासे शेजारणीवर सोपवले, एक फेरी बुडाली. केमा वाचायची, मी फळीवर तिचे आवाज उतरवायची. मला खूण आली नाही की तीच हात धरून काढून दाखवायची, आणि मग त्याच खुणेने मी तिला पकडायची. काल सॅमची टोपी लाल होती, आज निळी कशी झाली, धुतली का? ती हसायची, चिडायची, म्हणायची तुझंच लिहिणं चुकलंय. कधीकधी माझंच चुकलेलं असायचं. मग दोघी मामाकडे बघायचो. मामा मान वर न करता सांगायचा, पान बघा, मला काय विचारता, मला बुक येत नाही.

चाचणीच्या दिवशी परत तीच खोली, तीच माणसं, तीच बाई. केमाला न पाहिलेलं पान दिलं. तिने बोट ठेवून, सावकाश, मामाची पोरं वाचतात तसं मागून पुन्हा म्हणत, आठ ओळी वाचल्या. दोन ठिकाणी ठेचकाळली. जेबेने वहीत खूण केली आणि माझ्याकडे बघून हलकेच मान हलवली. पास.

मिसेस तार्पे खूश झाली. फॉर्म पुढे ओढला आणि विचारलं, "घरी तुझं वाचन कोण ऐकतं?"

केमाने मामाकडे पाहिलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. काय सांगायचं असतं, ते विचारायला. मग स्वतःच ठरवून मोठ्याने म्हणाली, "मियाता. माझी बहीण."

टाळ्या पडल्या. मामाने सुद्धा वाजवल्या, खिडकीजवळ बसून, मनापासून.

मी उभी राहिले. छान बोलायचं होतं, पण आवाज भांडायला निघाल्यासारखाच आला. म्हटलं, "मामा ऐकतो. पहिल्या कार्डावर मामाचं अक्षर होतं. ते लिहिलेलं होतं, खेळ नव्हता. मी खोटं बोलले आणि तिला उगाच भिंतीकडे उभं केलं."

मिसेस तार्पे वाईट बाई नव्हती. तिने विचारलं, कुठल्या भाषेत लिहिलं होतं. जेबेने छपराकडे पाहिलं, मग खाली पाहिलं आणि म्हणाली, "आमच्या, मॅडम. मलाही येते." एवढंच म्हणाली, पण म्हणाली. बाईने फॉर्मवरचे चौकोन शोधले. आई होती, बाप होता, भाऊ-बहीण होती. मामा नव्हता. तिने 'इतर'वर खूण केली आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

वाटेत केमाने मला विचारलं, "मग माझी ती भिंतीची शिक्षा परत घेतील का?"

मी म्हटलं, ती कशी परत घेणार.

"हो ना," ती म्हणाली आणि पुढे पळाली.

यंदाच्या ईदच्या आधी बोइमा नवा झब्बा शिवायला आला. मामाची नजर आता अधू झालीय, म्हणून वही मीच वाचते आणि नवं माप मीच लिहिते. माझा कोंबडा अजून झालेला नाही. मी मामाला सांगितलंय, आणू नकोस. बोइमा हात पसरून उभा, मामा त्याच्याभोवती टेप घेऊन. मागचं माप किती होतं ते मी मोठ्याने वाचलं. मान, खांदा, बाही, पोट. आणि थांबले. दर खेपेला तिथेच थांबते.

"खाली अजून काहीतरी आहे," बोइमा म्हणाला. मोठ्या माणसाला वाटतं, पानावर आहे ते सगळं आपलंच. "माझंच असेल. वाच."

मी मामाकडे पाहिलं. तो टेप धरून उभा होता, तोंडात टाचण्या. मी वाचलं. आता अडखळत नाही, एका दमात येतं.

बोइमाचे पसरलेले हात हळूहळू खाली आले. एक हात खिशावर गेला. तो पायाकडे बघायला लागला, म्हणजे पोटामुळे पाय दिसत नाहीत, पण त्या दिशेला. "मी पहिल्या ओळीत होतो त्या दिवशी," तो म्हणाला. गावच्या बोलक्याचा आवाज, पण पडवीच्या बाहेर जाणार नाही इतका. "असंच पत्र खिशात होतं."

मामाने टाचण्या काढल्या.

"श्वास सोड, बोइमा," तो म्हणाला. "पोट आत ओढून माप दिलंस तर झब्बा सणाच्या दिवशीच फाटेल."

बोइमाने श्वास सोडला. मामाने टेप डोळ्याजवळ नेऊन वाचली आणि आकडा सांगितला. तो मागच्यापेक्षा जास्त होता. मी तो लिहिला. त्या ओळीच्या खाली, कारण जागा तिथेच होती.